१५१० चे आक्रमण आणि १९६१ ची मुक्ती, असे का?

सत्तरीतल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आला आहे. वर्गात पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने गोवा जिंकल्याचा भाग चालू होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "टीचर, त्यांनी १५१० साली सैन्य आणून गोवा घेतला तर ते आक्रमण, आणि भारताने १९६१ साली सैन्य आणून गोवा घेतला तर ती मुक्ती, असं कसं? तेव्हा सगळेच राजे मुलूख जिंकायचे ना?" बाईंनी "उद्या सांगते" म्हणून वेळ निभावली आणि मला विचारले, की याला प्रामाणिक उत्तर काय द्यावे.

बाई, आधी त्या मुलाची पाठ थोपटा. मी चौतीस वर्षे गोव्यात इतिहास शिकवला, निवृत्त झाल्यावर पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज कागद वाचत बसलो. या विषयावर उत्तर ठरवून येणारे खूप भेटले, प्रश्न घेऊन येणारे थोडे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. १५१० चे युद्ध न्याय्य नव्हते, आणि हे ठरवायला आजच्या काळाचे माप लावावे लागत नाही. त्या लोकांच्याच धर्मशास्त्राचे आणि कायद्याचे माप लावले तरी ते उणे पडते. पण हे वाक्य मुलांना फळ्यावरून उतरवून घ्यायला लावू नका. ते कसे निघते ते दाखवा. वाटेत काही गोष्टी अशा लागतील, की त्या आपल्यालाही, म्हणजे फोंडा, डिचोली, सत्तरीकडच्या मराठी घरांतल्या माणसांनाही, बोचतील. त्या गाळू नका.

पहिल्यांदा दगड दाखवा. जुन्या गोव्यात असिसीच्या सेंट फ्रान्सिसच्या चर्चच्या पश्चिमेला सेंट कॅथरिनचे लहानसे कपेल आहे, जांभ्या दगडाचे. फेस्ताला, म्हणजे सेंट झेवियरच्या उत्सवाला, आलेली गर्दी तिकडे सहसा वळत नाही. तिथल्या शिलालेखात पोर्तुगीजमध्ये कोरले आहे, की या जागी तो दरवाजा होता ज्यातून अफोंसो द अल्बुकर्क आत शिरला आणि सेंट कॅथरिनच्या दिवशी, १५१० साली, त्याने हे शहर मूर लोकांकडून घेतले. त्याच्या स्मरणार्थ गव्हर्नर जोर्ज काब्रालने १५५० साली ही वास्तू बांधवली. मूर म्हणजे मुसलमान. मी दर वर्षी मुलांना त्या अक्षरांसमोर उभे करून एकच विचारत असे: यात काय लिहिलेले नाही? कुणी घेतले ते आहे, कधी ते आहे, कुणाकडून ते आहे. का घेतले, ते नाही. न्याय-अन्यायाचा सगळा प्रश्न त्या 'का'मध्ये आहे, आणि त्याचे उत्तर पोर्तुगिजांनी लपवलेले नाही. ते दुसऱ्या कागदांवर आहे.

युरोपात तेराव्या शतकापासून न्याय्य युद्धाचे तीन कस मानले जात. तॉमस आक्वायनस या धर्मशास्त्र्याने ते मांडले होते. युद्ध पुकारणाऱ्याला तसा अधिकार हवा. ज्याच्यावर चालून जायचे त्याने काही अपराध केलेला हवा. आणि मनातला हेतू न्यायाचा हवा, लुटीचा नको. लिस्बनच्या दरबाराला हे कस चांगले माहीत होते. म्हणून तर त्यांनी कागद जमवले.

अधिकाराचा कागद रोमहून आला. १४५५ मध्ये पोप पाचवे निकोलस यांनी पोर्तुगालच्या राजाला आफ्रिकेच्या किनाऱ्याने पुढे सापडतील ते मुसलमानांचे आणि मूर्तिपूजकांचे मुलूख जिंकायची आणि तिथल्या माणसांना कायमचे गुलाम करायची मुभा दिली. १४९४ मध्ये तोर्देसिलासच्या तहात स्पेन आणि पोर्तुगालने समुद्रातून एक रेघ ओढून न पाहिलेले जग आपसात वाटून घेतले. १४९९ मध्ये व्हास्को द गामा परत पोचला आणि राजा मानुएलने आपल्या बिरुदांत भर घातली: इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान येथील विजयाचा, नौकानयनाचा व व्यापाराचा स्वामी. त्या दिवशी हिंदुस्थानात त्याच्या मालकीची वीतभर जमीन नव्हती. पहिली गढी कोचीनला उभी राहिली ती १५०३ मध्ये. वर्गात हे उलटे करून विचारा. तेव्हा गोवा ज्याच्या ताब्यात होता त्या विजापूरच्या आदिलशहाने मक्केहून एखादा कागद आणून स्वतःला लिस्बनचा स्वामी म्हणवले असते, तर लिस्बनकरांनी वेशीचा दरवाजा उघडला असता का?

इथे कुणीतरी म्हणेलच, की त्या काळी पोपचा शब्द म्हणजे कायदा. तसे नव्हते. १५१० च्या अडीचशे वर्षे आधी खुद्द एका पोपने, चौथ्या इनोसंट यांनी, लिहून ठेवले होते की ख्रिस्ती नसलेल्यांचे राज्य आणि मालमत्ता हीसुद्धा कायदेशीर असते, केवळ ते ख्रिस्ती नाहीत म्हणून ती काढून घेता येत नाही. काही प्रसंगी हस्तक्षेप करण्याचा पोपचा हक्क त्यांनी राखून ठेवला, हेही सांगायला हवे. पण मूळ तत्त्व तेच. १५३९ मध्ये सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को द व्हितोरिया या डोमिनिकन धर्मगुरूने स्पेनच्या अमेरिकेतल्या विजयांबद्दल व्याख्याने दिली. पोप हा जगाचा ऐहिक धनी नाही, आणि धर्म स्वीकारायला नकार दिला एवढ्यावरून कुणावर युद्ध लादता येत नाही, हे त्याने आपल्याच बादशहाच्या राज्यात उभे राहून सांगितले. १५५५ मध्ये फेर्नांव द ओलिव्हेरा या पोर्तुगीज धर्मगुरूने तर आरमारी युद्धावरच्या ग्रंथातच लिहिले, की जे कधी ख्रिस्ती नव्हते आणि ज्यांनी आपले काही बिघडवले नाही त्यांच्यावरचे युद्ध न्याय्य होऊ शकत नाही. हा माणूस शत्रुपक्षाचा नाही, घरचा आहे. 'त्या काळी असेच चालायचे' याला माझे उत्तर हेच: चालायचे खरे, पण चालते ते बरोबर आहे असे त्या काळीही सगळे मानत नव्हते.

पोर्तुगिजांच्या बाजूने सर्वांत हुशार युक्तिवाद त्यांचा दरबारी इतिहासकार जुआंव द बार्रुश याने केला. समुद्र सगळ्यांना मोकळा असतो हे त्याला मान्य होते. मात्र तो कायदा युरोपातल्या ख्रिस्ती राष्ट्रांपुरता; मुसलमान आणि मूर्तिपूजक त्या कायद्याबाहेरचे, म्हणून पूर्वेच्या समुद्रात त्यांना अडवण्याचा आम्हाला हक्क आहे. मुलांना हा युक्तिवाद जसाच्या तसा सांगा आणि विचार करू द्या. माझ्या अनुभवात नववी-दहावीतली मुले पाच मिनिटांत त्यातली खोच पकडतात. समोरच्याला कायद्याबाहेर ठरवणारा कायदा कुणी केला, हे ती विचारतात.

दुसरा कस अपराधाचा. गोव्याने किंवा आदिलशहाने पोर्तुगालचे काय बिघडवले होते? अल्बुकर्कच्या बाजूने एक मुद्दा खरोखर आहे. १५०९ च्या फेब्रुवारीत दीवच्या समुद्रात पोर्तुगिजांनी इजिप्तच्या सुलतानाच्या आणि गुजरातच्या आरमाराचा पराभव केला. त्यातले उरलेसुरले लोक, ज्यांना पोर्तुगीज 'रूमी' म्हणत, गोव्यात आसऱ्याला आले होते आणि गोव्याच्या गोदीत जहाजे बांधली जात होती. म्हणजे शत्रू तयारी करत होता, त्याच्यावर आधीच घाव घातला, असा हा बचाव. सेनापती म्हणून अल्बुकर्कला ते पटणे साहजिक होते.

पण इजिप्तचे आरमार हजार कोस चालून दीवला कशाला आले, हा प्रश्न मागे जाऊन विचारावा लागतो. १४९८ मध्ये गामाच्या माणसांनी कालिकतला सांगितले होते, की आम्ही ख्रिस्ती माणसे आणि मसाले शोधायला आलो आहोत. १५०० मध्ये पेद्रु आल्व्हारिश काब्राल या पोर्तुगीज कप्तानाने (शिलालेखातला गव्हर्नर काब्राल वेगळा) तिथल्या बंदरात एक मुसलमान व्यापाऱ्याचे भरलेले जहाज धरले. चिडलेल्या जमावाने पोर्तुगीज कोठीवर हल्ला करून बरीच माणसे मारली. काब्रालने बंदरातली जहाजे जाळली आणि शहरावर तोफा डागल्या. दोन वर्षांनी गामा पुन्हा आला तेव्हा मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे मिरी नावाचे जहाज त्याने समुद्रात धरले, लुटले आणि बायकामुलांसकट जाळले. ही हकिकत पोर्तुगीज लेखकांनीच लिहून ठेवली आहे. आया आपली मुले वर धरून दया मागत होत्या, हेही त्यांनीच लिहिले. मला हे वर्गात वाचताना दर वेळी थांबावे लागत असे. त्यानंतर इजिप्तच्या सुलतानाने आरमार धाडले तर त्याला पहिला घाव म्हणता येत नाही. आपणच लावलेल्या आगीपासून बचाव करायला शेजाऱ्याचे घर घेतले, असा हा हिशेब आहे.

आणि गोवा हे ठरलेले लक्ष्य नव्हतेच. १५१० च्या सुरुवातीला अल्बुकर्कचे आरमार पश्चिमेकडे, तांबड्या समुद्राच्या मोहिमेला निघाले होते. वाटेत होनावरचा तिमय्या, पोर्तुगीज कागदांतला तिमोजा, त्याला भेटला आणि म्हणाला, की गोव्यात शिबंदी थोडी आहे, आदिलशाहीत गोंधळ आहे, लोक कराने पिचले आहेत, आता चला. त्या भेटीनंतर जहाजांची तोंडे वळली. युद्धाचे कारण आधी आणि स्वारी मागून, असे असते तर आपण कारण तपासत बसलो असतो. इथे संधी आधी आली. गोवा हे अरबी घोड्यांचे मोठे बंदर. विजयनगर आणि विजापूर, दोघांनाही घोडे हवे असत, आणि ज्याच्या हातात गोवा त्याच्या हातात तो व्यापार. अल्बुकर्कने राजाला लिहिलेल्या पत्रांत घोड्यांचा विषय पुन्हा पुन्हा येतो. तिसऱ्या कसाबद्दल, म्हणजे हेतूबद्दल, आणखी वेगळे सांगायची गरज मला वाटत नाही.

आता बोचणारी गोष्ट. तिमय्या हिंदू होता. फेब्रुवारीत शहर जवळजवळ न लढता हाती आले आणि शहरातल्या हिंदूंनी नव्या धन्याचे स्वागत केले, कारण आदिलशाहीपेक्षा कर कमी करण्याचे आश्वासन त्याने दिले होते. मेमध्ये आदिलशाही फौजेने त्यांना बाहेर काढले. पावसाने मांडवीचे मुख बंद झाले होते, त्यामुळे अख्खा पावसाळा पोर्तुगीज आरमार नदीतच अडकून उपाशीतापाशी पडले. २५ नोव्हेंबरला त्यांनी शहर पुन्हा घेतले. त्यानंतरचे चार दिवस कसे गेले ते अल्बुकर्कने २२ डिसेंबरच्या पत्रात राजाला कळवले आहे. मुसलमान दिसेल तिथे कापला, माणसे मशिदींत कोंडून त्या पेटवल्या, शेतकरी आणि ब्राह्मण यांना हात लावू नका असा हुकूम दिला. मेलेल्यांचा आकडा तो सहा हजारांच्या घरात सांगतो, त्यात बायकाही होत्या. पत्राचा सूर कबुलीचा नाही, कर्तबगारी सांगितल्याचा आहे.

आपल्या घरांतून १५१० ची गोष्ट सांगताना हे चार दिवस सहसा वगळले जातात, कारण मेलेले आपले नव्हते असे कुठेतरी मनात असते. बाई, हे मी मुद्दाम लिहितो आहे. ते लोक गोव्यात राहणारे, गोव्यात मेलेले गोंयकार होते. देवळे पाडल्याची गोष्ट सांगायची आणि मशिदीत कोंडून जाळलेल्यांची गाळायची, असे केले तर त्या मुलाच्या प्रश्नाला आपण खोटे उत्तर देऊ.

'सगळेच राजे जिंकायचे' हेही खरे आहे, आणि ते मान्य करून टाका. गोव्यावर कदंबांनंतर बहामनी आले, चौदाव्या शतकाच्या शेवटी विजयनगरचा माधव मंत्री आला, १४७२ मध्ये महमूद गावानने ते बहामनींसाठी पुन्हा घेतले, मग आदिलशाही. यातले कुणीही मत विचारून आले नव्हते. आपले मराठेही या प्रश्नातून सुटत नाहीत. १६८३ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने आधी फोंड्याच्या किल्ल्यावर चाल केली, तेव्हा संभाजीराजांचे प्रत्युत्तर न्याय्य होते असे मी म्हणतो. पण त्या स्वारीत पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या बार्देस आणि सासष्टीतली गावे लुटली गेली, चर्चांचे नुकसान झाले, आणि त्या गावांतल्या शेतकऱ्याने फोंड्यावर चाल केलेली नव्हती. युद्ध न्याय्य असणे आणि युद्धातले वागणे न्याय्य असणे, ही दोन खाती वेगळी ठेवायला मुलांना आत्तापासून शिकवा.

मग पोर्तुगिजांचे वेगळे काय? माझ्या मते दोन गोष्टी. पहिली समुद्राची. आदिलशहाने बंदर घेतले तरी समुद्र सगळ्यांचा राहिला. पोर्तुगिजांनी समुद्रालाच जकातनाका बसवला. कुठल्याही व्यापाऱ्याला जहाज हाकारायचे तर पोर्तुगिजांकडून 'कार्ताझ' नावाचा परवाना घ्यावा लागे. परवाना नसेल तर जहाज आणि माल जप्त, आणि माणसांचे नशीब कप्तानाच्या मर्जीवर. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली तेव्हा तिलाही या परवान्यासाठी सुरतेत थांबून राहावे लागले. हिंदुस्थानच्या बादशहाच्या घरची बाई, हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर. १६०९ मध्ये डच कायदेपंडित ग्रोशियसने या दाव्यावरच हल्ला केला, की समुद्र कुणाच्या मालकीचा होऊ शकत नाही आणि पूर्वेकडची राज्ये पोर्तुगीज येण्याआधीपासून आपापल्या राजांची आहेत. त्याने ते डच कंपनीच्या फायद्यासाठी लिहिले आणि पुढे डचांनी मसाल्याच्या बेटांत तेच केले. तरी त्याचा मुद्दा त्यामुळे खोटा होत नाही.

दुसरी गोष्ट गावाची, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. आधीचे राजे बदलले तरी गोव्यात गांवकारी चालू राहिली. गावची जमीन गांवकारांची सामाईक, खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या शेतीचे, बांध सगळ्यांनी राखायचे, उत्पन्नातून राजाचा धारा द्यायचा, देवळाचा, भटाचा, सुताराचा, महाराचा वाटा काढायचा. पोर्तुगिजांनीही सुरुवातीला हे मानले. १५२६ मध्ये आफोंसो मेशियाने तिसवाडीच्या गावांचे रीतिरिवाज लिहून काढले, त्याला फोराल म्हणतात. पहिल्यांदा वाचला तेव्हा मी थक्क झालो होतो. गावच्या सभेत कुणी कुठे बसायचे, विडा पहिल्यांदा कुणाला द्यायचा, कापणीला पहिला विळा कुणी लावायचा, इतक्या बारकाईने जिंकणाऱ्याने जिंकलेल्याची रीत लिहून घेतली आणि ती पाळण्याची हमी दिली.

ती हमी पंधरा वर्षेसुद्धा टिकली नाही. १५४०-४१ मध्ये तिसवाडीतली देवळे पाडली आणि त्यांच्या जमिनींचे उत्पन्न नव्या धर्मसंस्थांकडे वळवले. १५४३ मध्ये बार्देस आणि सासष्टी पोर्तुगिजांकडे आले. १५६६-६७ मध्ये तिथली देवळे गेली. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाबद्दल शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय, बसले. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइट मिशनऱ्यांना मारले, त्यानंतर बोलणी करायला म्हणून बोलावलेल्या तिथल्या गांवकारांना आसोळण्याच्या किल्ल्यात ठार करण्यात आले. माझे बालपण फोंड्याकडच्या म्हार्दोळला गेले; देवळे पाडली जात होती तेव्हा लोकांनी आपले देव नदीपलीकडे इकडे आणले होते. आमच्या म्हालसेचे मूळ गाव वेर्णे, शेजारच्या मंगेशाचे कुठ्ठाळी, कवळ्याच्या शांतादुर्गेचे केळशी. आजीला वेर्णे कधी पाहायला मिळाले नव्हते, पण देवीला हाक मारताना ती 'वेर्णेकरणी' म्हणायची. चारशे वर्षांनंतरही पत्ता बदललेला नव्हता. कर वाढवणारा राजा लोकांनी पुष्कळ पाहिला होता. देव रातोरात डोक्यावर घेऊन नदी ओलांडायला लावणारा त्यांना नवा होता.

पण इथे एक चूक करू नका, जी मी सुरुवातीची काही वर्षे करत होतो. १५६० चे पाप १५१० च्या खात्यावर लिहायचे नाही. अल्बुकर्क देवळे पाडायला आला नव्हता. त्याला बंदर, घोडे आणि मुसलमान व्यापाऱ्यांचा मोड हवा होता. त्याचे युद्ध अन्याय्य ठरते ते त्याने स्वतः जे केले त्यावरून, आणि तेवढे पुरेसे आहे. जुन्या गोव्यातल्या हातकातऱ्या खांबाची, म्हणजे तिथे बांधून लोकांचे हात कापत असत ही, गोष्टही मुलांना सांगाल तर लोककथा म्हणून सांगा. कागदाने सिद्ध होणारे इतके असताना न होणाऱ्यावर भिस्त ठेवली, की समोरचा तेवढेच खोडून सगळे खोडल्याचा आव आणतो.

आणि वर्गात ख्रिस्ती मुले असतील, सत्तरीत थोडी असतील, पण असतील. त्यांच्या पूर्वजांची गावे तीच होती, देव तेच होते. बाटवले गेलेले आणि देव घेऊन पळालेले एकाच घरातले भाऊ होते. बोलताना 'त्यांनी आपल्यावर' असा शब्द येईल तेव्हा 'ते' म्हणजे पोर्तुगीज सत्ता, बाजूच्या बाकावरची मुलगी नव्हे, हे एकदा स्पष्ट म्हणा. न म्हणता गृहीत धरू नका.

फायद्यांचा मुद्दा येईल. सती बंद केली, १५५६ मध्ये छापखाना आणला, १८४२ मध्ये वैद्यकीय शाळा काढली, काजू आणि मिरची आणली, सगळ्यांना एक दिवाणी कायदा दिला. सती बंद केली ते चांगलेच केले, त्याला पण-परंतु नको. मात्र युद्धानंतर काय मिळाले यावरून युद्धाचे कारण न्याय्य होत नाही. मिरची तर पोर्तुगिजांनी न जिंकलेल्या मुलखातही पोचली. छापखान्याबद्दल एवढेच सांगतो, की १६१६ मध्ये रायतूरला फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण छापले गेले, इतक्या सुंदर मराठीत की आजही जीभ सुखावते, आणि ते छापले रोमन लिपीत. त्या छापखान्याने आमची अक्षरे आम्हाला दिली नाहीत.

आता १९६१. त्या मुलाला हे उत्तर सोपे करून देऊ नका, कारण ते सोपे नाही. भारताने सैन्य धाडले हे खरे. १८ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत भारताने सैन्य मागे घ्यावे असा ठराव आला, त्याला ११ पैकी ७ मते पडली. सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने तो अडला. अहिंसेचे नाव घेणाऱ्या नेहरूंना जगाने नावे ठेवली. आणि सैन्य येण्यापूर्वी गोंयकारांचे मतदान घेतले नव्हते, हेही खरे.

पण तेच तीन कस लावून बघा. समोरच्याचा अपराध? ४५१ वर्षे दुसऱ्याच्या मुलखावर बळाने बसलेली सत्ता, जी १९५१ पासून गोव्याला वसाहत म्हणायलाही तयार नव्हती, 'सागरापलीकडचा प्रांत' म्हणत होती. १९४६ च्या १८ जूनला मडगावात राममनोहर लोहियांनी सभा घेतली ती भाषणाच्या साध्या हक्कासाठी. त्यानंतर किती जण आग्वादच्या तुरुंगात गेले, किती जणांना पोर्तुगालला आणि आंगोलाला धाडले. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या घातल्या. दुसरा उपाय करून पाहिला होता का? १९५० मध्ये भारताने बोलणी मागितली, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने विषयच काढू दिला नाही. १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने गोव्याला स्वशासन नसलेला प्रदेश ठरवले, तेही त्याने मानले नाही. शस्त्र उचलण्याआधी भारताने अकरा वर्षे घालवली. अल्बुकर्कने एक भेट घेतली आणि जहाजे वळवली. आणि युद्धातले वागणे? दीड-दोन दिवसांत संपले. 'शेवटच्या माणसापर्यंत लढा' हा सालाझारचा हुकूम गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हा यांनी पाळला नाही, शरणागतीवर सही केली, आणि पणजी शाबूत राहिली. त्यांनाही या गोष्टीचे श्रेय द्या. घरी परतल्यावर त्यांना त्याची शिक्षा भोगावी लागली. पोर्तुगालमध्ये १९७४ मध्ये लोकशाही आली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्याच सरकारने करार करून गोवा भारताचा असल्याचे मान्य केले.

माझ्या लेखी सगळ्यांत मोठा फरक मात्र यानंतरचा आहे, आणि तो आमच्या घरातला आहे. १९६३ मध्ये निवडणूक झाली. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळे राहायचे. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळे राहण्याची दोन पाने. माझे वडील मराठीचे शिक्षक, कट्टर फूलवाले. महिनाभर सायकलवरून गावोगाव फिरले. दोन पाने ३४,०२१ मतांनी जिंकली. निकालाच्या रात्री वडील जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशी शाळेत गेले आणि नेहमीसारखे शिकवू लागले. शेजारचे दोन पानांचे कार्यकर्ते संध्याकाळी ओसरीवर येऊन बसले, आईने चहा केला. तो कौल भारतात राहायचे की नाही यावर नव्हता, हे मुलांना स्पष्ट सांगा, नाहीतर कुणीतरी बरोबर पकडेल. पण मुंबईत आणि दिल्लीत ज्यांना विलीनीकरण हवे होते त्यांना गोव्याने 'नको' म्हटले, आणि ते 'नको' पाळले गेले. १५१० नंतरच्या साडेचारशे वर्षांत गोव्याच्या माणसाला 'नको' म्हणायची जागा एकदाही ठेवलेली नव्हती. कुंकळ्ळीकरांनी १५८३ मध्ये म्हटले, सत्तरीच्या राणे घराण्याने १८५२ मध्ये आणि पुन्हा १८९५ मध्ये म्हटले, आणि त्या प्रत्येक वेळी उत्तर बंदुकीने आले.

नोव्हेंबरात मुलांना जुन्या गोव्याला आणणार असाल तर २५ तारीख टाळा. सेंट झेवियरच्या फेस्ताची नोव्हेना, म्हणजे आधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना, आदल्या दिवशीच सुरू झालेली असते, बसला उभे राहायला जागा मिळत नाही. पंधरवडाभर आधी या, सकाळी लवकर, दगडावर तिरपे ऊन पडते तेव्हा अक्षरे नीट वाचता येतात. मला कळवा, मी येईन. त्या मुलाला पुढे उभे करा. शिलालेख मी वाचेन, अर्थ सांगेन, आणि यात काय लिहिलेले नाही ते त्याला सांगू द्या.